पुढची दोन चाकं

भिंगरावांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. बाजाररस्त्यावर, शिंपी आणि घड्याळजी यांच्या मधे त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि आरसा, मागच्या अरुंद खोलीत काच घासायचं यंत्र, आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे बायको गिऱ्हाईक सांभाळायची, पलीकडे भिंगराव काच घासत बसायचे.

माणूस सरळ. हात कसबी, जीभ गोड. खोड म्हणावी तर एकच. काहीही ठरवायची वेळ आली की त्यांचं घोडं अडायचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं, की हे बरं?" असं विचारणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र हेही बरं वाटायचं आणि तेही. दुकानाच्या शटरला कोणता रंग द्यायचा यावर त्यांनी दोन पावसाळे घालवले. शेवटी गंजानंच रंग दिला, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

लग्नाचंही तेच झालं होतं. ती आधी चष्मा करायला दुकानात आली, मग काड्या सैल झाल्या म्हणून आली, मग काहीच सैल नसताना आली. अखेर तिनंच विचारलं.

"विचार करून सांगतो," भिंगराव म्हणाले.

"करा की सावकाश," ती म्हणाली. "मी घरी सांगून आलेय. तारीख तेवढी चुकवू नका."

दुकानावर घर चालायचं, पण भिंगरावांचा जीव अडकला होता तो डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये. दर महिन्याला एकदा ते भिंगांची पेटी घेऊन बसनं वर जात. शाळेच्या ओसरीत तक्ता टांगत. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यांच्याकडे वेगळा तक्ता होता. त्यावरचं चिन्ह कुठल्या बाजूला उघडं आहे ते बोटानं दाखवायचं. वरच्या बायका सुईत दोरा ओवता येईना की यायच्या, म्हातारे पायरी चुकायला लागले की यायचे. खाली उतरून कुणी आलं नसतं. डोळे अधू होणं हे वय झाल्यासारखंच, त्यासाठी दिवस कोण मोडतो, असा तिथला हिशोब होता.

मग एका पावसात डोंगराची कड खचली आणि रस्त्याचा मोठा तुकडा दरीत गेला. उरलेल्या वाटेवर दगड, चिखल आणि खड्डे. बस पायथ्याच्या पुलापाशीच थांबायला लागली. रस्ता होणार, होणार, असं सगळे म्हणत राहिले. भिंगरावांनी आपली छोटी गाडी एकदा वर घालून पाहिली. दुसऱ्याच वळणावर दगड पोटाला लागला आणि इंजिनाचं सगळं तेल रस्त्यावर सांडलं. गाडी दोरीनं ओढून खाली आणावी लागली.

त्या दिवसांत त्यांच्या दुकानाच्या खणात एक तयार चष्मा पडून होता. वरच्या टोकाच्या वस्तीतल्या, टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. सगळे त्याला टोपलीबाबा म्हणत. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नंबर काढून घेऊन तो वर गेला आणि मागोमाग वाट तुटली. भिंगराव रोज म्हणायचे, कुणी जाणारा भेटला की पाठवू. भेटायचं कुणी नाही, आणि भेटलं तरी काच फोडून ठेवील अशी धास्ती. आज जाऊ, उद्या जाऊ करत पाऊस संपला, थंडी संपली. उन्हं तापायला लागली तेव्हा ते पेटी खांद्याला लावून पायीच निघाले. दिवस कलताना वर पोचले.

टोपलीबाबा अंगणात बसला होता. भिंगरावांनी त्याच्या नाकावर चष्मा ठेवला, काड्या कानांमागे नीट वळवल्या. म्हातारा इकडेतिकडे बघायला लागला. सून, कोंबड्या, समोरची टेकडी, स्वतःचे तळहात.

"दिसतंय?" भिंगरावांनी विचारलं.

"सगळं दिसतंय."

"मग आता बसा विणायला."

म्हातारा हसला. "सुरी देऊन टाकली कुणाला तरी. किती दिवस उशाशी ठेवायची?" सुनेनं कुठून तरी बांबूची एक कामटी आणून दिली. ती त्यानं बोटांत धरली, वाकवायला गेला आणि ती मधेच चिरली. त्यानं दुसरी मागितली नाही. "डोळे आले, पण हात रुसला," एवढंच म्हणाला आणि भिंगरावांना पाणी द्यायला सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर भिंगरावांना सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर ते गरम पाण्याच्या घमेल्यात पाय घालून बसले. मग म्हणाले, "आपण चारही चाकं ओढणारी गाडी घेऊ."

बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नवी गाडी आवाक्यातली नव्हतीच. त्यामुळे जुनी शोधायची ठरली, आणि गाडी म्हटल्यावर मेहुणा पुढे सरसावला. हा बायकोचा धाकटा भाऊ, पतपेढीत कारकून. त्याच्याकडे सायकलही नव्हती, पण फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला इंजिनातलं सगळं कळायला लागलं होतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. "दाजी, तुम्ही निवांत राहा," तो म्हणाला. "गाडी मी बघतो." भिंगराव निवांत राहिले नाहीत. त्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीलाही सोबत घेतलं. मिस्त्री हा अंगानं भरलेला, बोलायला आळशी माणूस होता. एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं वाक्य तो खर्च करत नसे.

पहिली गाडी मेहुण्यानंच शोधली होती. हमरस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात ती आरशासारखी चमकत उभी होती. नवे टायर, नवी सीट कव्हरं, खाली चासीलाही ताजा काळा रंग. मेहुणा भोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "नवरीसारखी दिसतेय!"

मिस्त्री गुडघ्यांवर बसला, खाली वाकला आणि स्क्रू-ड्रायव्हरनं चासीला टोचलं. टोक ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं आत गेलं.

"अहो, हलक्या हातानं!" विकणारा ओरडला.

"हलक्याच हातानं केलं," मिस्त्री म्हणाला. "जोरात केलं असतं तर गाडी खाली बसली असती."

परत येताना त्यानं सांगितलं की जुनी गाडी घेताना आधी पोटाखाली बघायचं, मग बॉनेट उघडायचं. इंजिन बिघडलं तर उघडून नीट करता येतं, पण चासी म्हणजे पाठीचा कणा, तो कुजला की संपलं. खालचा ताजा रंग दिसला की समजायचं, काहीतरी झाकलंय. त्याचं आजवरचं हे सगळ्यात लांब भाषण असावं.

दुसऱ्या गाडीचा पत्ता घड्याळजीनं दिला. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे एक बाई एकट्या राहायच्या. नवरा सरकारी मोजणीदार होता, डोंगर-दऱ्यांमध्ये जमिनी मोजत हिंडायचा. म्हणून त्यांना सगळे मोजणीकाकू म्हणत. मोजणीदार जाऊन दोनेक वर्षं झाली होती. गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि परगावी असलेला मुलगा ती विकून टाका म्हणून मागे लागला होता.

काकू उंच, काटक, बोलायला तडक. शेडचं दार स्वतः ढकलून उघडलं. आत धुळीनं माखलेली, शेवाळी रंगाची, चौकोनी तोंडाची गाडी होती. एका दिव्याची काच तडकलेली, मागच्या सीटचं कव्हर उसवलेलं.

"धुतली नाही मी," काकू म्हणाल्या. "धुतली की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय."

मिस्त्रीनं भिंगरावांकडे बघून मान डोलवली. सुरुवात बरी होती.

त्यानं बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. थंडगार. आधीच चालू करून इंजिन गरम करून ठेवलं असेल तर सुरू व्हायची खोड कळत नाही, म्हणून हे आधी. मग किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. मागच्या नळीतून पांढुरका धूर आला आणि थोड्या वेळानं विरून गेला. मिस्त्री पोटाखाली गेला, टोचून बघितलं. चासीवर गंज होता, पण वरवरचा, खरवडला की खाली लोखंड टणक लागत होतं. मागच्या बाजूला तेलाचा एक डाग होता, तो किरकोळ निघाला.

"चारही चाकं ओढते ना?" भिंगरावांनी विचारलं.

"म्हणजे काय!" काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी कुठे कुठे नेली नाही ही. मला डोंगरातल्या वाटेची फार भीती. हे म्हणायचे, अगं घाबरतेस काय, चारही चाकं ओढतायत, चार घोडे आहेत असं समज. मग मी डोळे मिटून बसायचे."

फिरवून बघायला मेहुणा, मिस्त्री आणि भिंगराव तिघं निघाले. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली. मिस्त्रीनं गियरशेजारचा छोटा दांडा मागे ओढला, खट्ट आवाज झाला, आणि गाडी बैलासारखी संथ, पण जोरकस चालायला लागली. "बघा!" मेहुणा म्हणाला. "लागला फोर व्हील. घ्या दाजी, डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून काही घ्यायचा भिंगरावांचा धंदाच नव्हता. ओढ्याकडून वर येणारा सुट्या खडीचा एक चढ होता. "इथून वर घाला," ते म्हणाले आणि स्वतः खाली उतरून बाजूला उभे राहिले.

गाडी चढाला लागली. निम्म्यावर गेली आणि खडी उडवत जागीच घसरायला लागली. मिस्त्रीनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. भिंगराव खाली वाकून बघत होते. मागची चाकं भिरभिरत होती. पुढची दोन्ही गप्प उभी होती.

त्यांनी हात वर केला. "पुढची चाकं काहीच करत नाहीत."

मिस्त्री उतरला, पुढच्या बाजूनं खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा ओशाळलेला होता. "मीच नीट बघितलं नाही," तो म्हणाला. "गंज आणि तेलच बघत बसलो. पुढचा शाफ्टच नाहीये."

मधल्या गियरपेटीतून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा जो लोखंडी दांडा असतो, तोच कुणीतरी काढून टाकला होता. त्यामुळे छोटा दांडा ओढला की गाडी मंद आणि जोरकस व्हायची, बसलेल्याला वाटायचं चारही चाकं लागली, आणि प्रत्यक्षात मागचीच दोन राबत असायची.

मेहुण्याचा पारा चढला. "म्हणजे फसवणूक! सरळ सरळ फसवणूक!" तो अंगणात जाऊन तेच बोलला, आणि काकूंचा चेहरा उतरला.

"शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "हे मला कशाला खोटं सांगतील?"

भिंगरावांनी मेहुण्याचा दंड धरून त्याला मागे घेतलं. काकूंनी तिघांना ओसरीवर बसवलं, चहा टाकला. गोंधळलेल्या माणसाला हाताला काम लागतं तशा त्या कप पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"शाफ्ट काढतात कशासाठी?" भिंगरावांनी मिस्त्रीला विचारलं.

"पुढच्या दोन चाकांच्या मधे दातेरी चाकांचा गोळा असतो, तो फुटला तर काढतात. नाहीतर शाफ्टचे जॉइंट झिजले तर. मग तो घुमतो. गाडीत बसवत नाही इतका आवाज येतो."

काकूंचा हात थांबला.

"घुमल्यासारखा?" त्यांनी विचारलं. "भुंगा कानात गेल्यासारखा?"

"तसाच."

काकू खुर्चीवर बसल्या. "त्या आवाजानं माझं डोकं चढायचं," त्या म्हणाल्या. "सारखी कुरकुर करायचे मी. एके दिवशी म्हटलं, एक तर हा आवाज, नाहीतर मी. पुन्हा तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही. मग आठवड्याभरात आवाज गेला. मी विचारलं, काय केलंत? म्हणाले, केली काहीतरी खटपट, बस तू. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर सगळीकडे गेले. तोवर कधी डोंगरात गेले नव्हते. त्यांच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोघं मिळून किती हिंडलो."

मेहुणा आपल्या चपलांकडे बघत होता.

"म्हणजे त्या सगळ्या चढांवर दोनच घोडे होते," काकू म्हणाल्या. मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदरानं डोळे टिपले. "बरं झालं मला माहीत नव्हतं. मेलेच असते भीतीनं."

"तो शाफ्ट कुठे असेल?" मिस्त्रीनं विचारलं. "टाकला तर नसेल?"

"कसा असतो दिसायला?"

"मनगटाएवढा जाड, कमरेएवढा लांब नळ. दोन्ही टोकांना फुलीसारखं काहीतरी."

काकू उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. तिथे लिंबाच्या झाडाची एक फांदी फळांच्या भारानं वाकली होती आणि तिला खालून एका लोखंडी दांड्याचा टेकू दिला होता. "हा का?" त्यांनी विचारलं. "ह्यांनीच लावला होता."

हाच तो. पावसात राहून टोकं गंजली होती, जॉइंट खिळखिळे होते, पण नळ सरळ होता. मिस्त्रीनं टेकू काढला तशी फांदी जमिनीला टेकली, मग काकूंनी कपडे वाळत घालायची काठी आणून तिथे लावली.

आता खरा प्रश्न उरला. आवाज फक्त जॉइंटचा होता, की पुढचा दातेरी गोळाही गेलेला होता? जॉइंट बदलणं साधं काम. गोळा गेला असेल तर गाडी घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. मिस्त्रीनं गोळ्याचं झाकण सैल करून थोडं तेल ताटलीत काढलं. काळंकुट्ट तेल, त्यात बारीक चमक. भिंगरावांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि ताटली उन्हाकडे कलती केली.

"पीठ आहे," ते म्हणाले. "झिजेचं. पण दोन-तीन तुकडेही दिसतायत, नखाच्या कडेएवढे."

"पीठ चालतं," मिस्त्री म्हणाला. "तुकडे चालत नाहीत. पण दोन-तीन म्हणजे... सांगता येत नाही. जोडून चालवल्याशिवाय नाही कळणार."

मेहुण्यानं निकाल देऊन टाकला. "सोडून द्या, दाजी. दुसरी बघू." मिस्त्रीनं खांदे उडवले. भिंगराव नेहमीचं वाक्य बोलले, "विचार करून सांगतो."

घरी जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "आजवर सगळं मी ठरवत आले. या गाडीत बसणार तुम्ही, शेजारी दरी असणार ती तुमच्या. हे तुम्हीच ठरवायचं."

"पण तुझं मत तर सांगशील?"

"नाही." आणि तिनं भांडी उचलली.

भिंगरावांनी दोन दिवस काढले. काचा बसवताना एक फ्रेम उलटी लावली. तिसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला. त्यांच्या मुलानं परगावाहून दुसरं गिऱ्हाईक आणलं होतं. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला जुनी रांगडी गाडी दारात ठेवायची होती, शोभेला. चालते की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. चाकं काढून, आत माती भरून तो फुलझाडं लावणार होता. मागाल तेवढे द्यायला तयार होता.

"मुलगा म्हणतोय, आजच हो म्हण," काकू म्हणाल्या. "मी त्याला म्हटलं, आधी एकांना विचारते. तुमचं काय ते सांगा."

भिंगराव काउंटरपाशी उभे होते. पडद्याआडून बायको बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती.

"काकू," ते म्हणाले, "असं करू या का? शाफ्टचे जॉइंट मी माझ्या खर्चानं बदलून बसवतो. गाडी त्या चढावर चढली तर मी घेतो. नाही चढली तर माझा खर्च माझ्या डोक्यावर, आणि गाडी तुम्ही हॉटेलवाल्याला द्या. फक्त तोवर थांबा."

"मला तेच हवं होतं," काकू म्हणाल्या. "त्यांच्या गाडीत माती भरलेली मला नाही बघवणार. मुलाला सांगते, गाडी माझ्या नावावर आहे."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "ठरवलंत की!" आणि शिंप्याकडे जाऊन ही बातमी सांगून आली.

मिस्त्रीनं काम अंगावर घेतलं ते थोडं शरमेपोटीही. पहिल्या वेळी चुकलं होतं ना. त्यानं टोकांचा गंज घासला, नवे जॉइंट ठोकून बसवले, पुढच्या गोळ्यात ताजं तेल भरलं आणि शाफ्ट जागेवर आवळला. ज्या सकाळी चढावर जायचं होतं त्या सकाळी भिंगरावांची बायको दुकान बंद करून आली, मेहुणा रजा टाकून आला. काकू लुगड्याचा पदर खोचून आधीच गाडीत पुढे बसल्या होत्या.

"तुम्ही कशाला, काकू?" मिस्त्री म्हणाला. "काही तुटलं-बिटलं तर?"

"आजवर दोन घोड्यांवर बसले. आज चार आहेत."

मिस्त्रीनं किल्ली भिंगरावांच्या हातात दिली. "घेणार तुम्ही, चालवा तुम्ही."

भिंगराव बसले. दांडा मागे ओढला. गाडी हलली आणि लगेच पायाखालून तो आवाज आला. नवे जॉइंट असूनही पुढचा गोळा हलका घुमत होता. मोठा नाही, पण होता. भिंगरावांनी काकूंकडे बघितलं.

"तोच आहे," काकू म्हणाल्या. "थोडा दबका झालाय." त्यांनी डोळे मिटले नाहीत.

चढ सुरू झाला. जिथे आधी अडली होती तिथे मागची चाकं घसरली, खडी उडाली, आणि मग पुढची दोन चाकं रुतून, माती पकडून गाडीला वर ओढायला लागली. भिंगरावांना ते हातांत जाणवलं, स्टिअरिंग एकदम जड झालं, जणू पुढून कुणी दोरी लावून ओढतंय. गाडी चढ संपेपर्यंत थांबली नाही. माथ्यावर पोचल्यावर मात्र त्यांना उतार कसा उतरायचा हे सुचेना, तेव्हा मिस्त्री धावत वर आला.

खाली आल्यावर मेहुणा म्हणाला, "आवाज येतोय पण, दाजी. गोळा कधी तरी जाणार."

"जाणार," मिस्त्री म्हणाला. "पाच वर्षांत जाईल, उद्याही जाईल."

सगळे भिंगरावांकडे बघत होते. त्यांनी गाडीच्या तोंडावरून हात फिरवला, तडकलेल्या दिव्याकडे बघितलं. "घेतली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की काकूंना पुन्हा विचारावं लागलं.

गाडीनं त्यांना सुख दिलं असं म्हणता येणार नाही. ती डिझेल अधाशासारखी प्यायची. दुकानासमोर उभी केली की तेलाचे ठिपके पडायचे आणि घड्याळजी खाली कागद अंथरायला लावायचा. खिडकीची काच वर करायला आतून एक आणि बाहेरून एक असे दोघं लागायचे. भिंगांच्या पेटीखाली उशी ठेवावी लागायची. पहिल्याच खेपेला उतारावर त्यांनी इतका करकचून ब्रेक धरला की परत आल्यावर पायात गोळे आले. पण ती वर जायची. बस पुलापाशी प्रवासी उतरवायची तिथून त्यातल्या दोघाचौघांना, कुणाच्या पिठाच्या पोत्यांना, एकदा एका तापानं फणफणलेल्या बाईला घेऊन भिंगराव वरखाली करायचे. ओसरीत तक्ता पुन्हा टांगला गेला.

टोपलीबाबानं पुन्हा विणलं नाही. भिंगरावांनी त्याला नवी सुरी नेऊन दिली, ती त्यानं सुनेला दिली. सून आता विणते आणि तो समोर बसून तिच्या चुका काढतो, तिला अजिबात आवडत नाही. "तुम्ही यांना चष्मा का दिलात?" ती भिंगरावांना विचारते.

काकू एकदोनदा बरोबर आल्या. शाळेच्या ओसरीत बसून त्या म्हाताऱ्यांची रांग लावायच्या, आणि कुणी मधे घुसलं तर मोजणीदाराच्या बायकोला शोभेल अशा आवाजात हद्द दाखवायच्या. परतीच्या वाटेवर त्या एका वळणावर गाडी थांबवायला सांगत. तिथे मोजणीदारांनी एक दगड रोवलेला होता. त्या खाली उतरून त्यावरचं गवत उपटत आणि पुन्हा येऊन बसत.

दीडेक वर्षानं रस्ता झाला. बस पुन्हा वरपर्यंत जायला लागली. मेहुणा ताबडतोब म्हणाला, "आता काढून टाका ती. हॉटेलवाला अजून विचारतोय." भिंगराव म्हणाले, बस जाते त्याच्याही पुढे, आणखी एक ओढा ओलांडून, तीन वस्त्या आहेत, तिथे डोळे तपासायला आजवर कुणी गेलेलं नाही. यावर त्यांनी विचार करायला वेळ घेतला नव्हता. पुढच्याच महिन्यात ते तिकडे गेले. तिथल्या लोकांना आधी वाटलं की हा माणूस मतं मागायला आलाय.

पुढचा गोळा अजून घुमतो. मिस्त्रीनं सांगून ठेवलंय की त्याच्या आधी बहुतेक क्लच जाईल.